मांजर कोणाशी बोलते?

पूर्ण वाढ झालेले मांजर कोणी घरी आणले, की थोड्याच दिवसांत दोन तक्रारी ऐकू येतात. एक म्हणजे ते सारखे ओरडते. दुसरी, घरात दुसरे मांजर टिकू देत नाही. मग ‘हे मांजर बिघडलेले आहे’ असे ठरवून त्याला पोत्यात घालून दूर सोडून येण्यापर्यंत मजल जाते. वस्तुतः या दोन्ही सवयींना इतिहास आहे, आणि त्या दोन्हींचे वय सारखे नाही.

सायप्रस बेटावरील शिलुरोकांबोस या नवाश्मयुगीन गावाच्या उत्खननात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जाँ-दनी विन्य व त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. माणसाच्या सांगाड्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर सुमारे आठ महिन्यांच्या मांजराचा अखंड सांगाडा होता. २००४ साली हा शोध प्रसिद्ध झाला. सायप्रसवर मुळात मांजरे नव्हती. तेव्हा त्याला किंवा त्याच्या पूर्वजांना माणसानेच होडीतून नेले असले पाहिजे. पुढे २००७ साली घरगुती व रानटी अशा ९७९ मांजरांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या पाळीव मांजरांचे मूळ आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजरात आहे हे स्पष्ट झाले. (आपल्याकडचे बाऊल ते नव्हे, ती जात वेगळी.)

हा पूर्वज एकटा राहणारा. लांडगे कळपाने मोठे सावज मारतात आणि वाटून खातात. त्यांच्यापासून आलेल्या कुत्र्याला टोळीची सवय असते. उंदराची वाटणी कशी करणार? एका उंदराने एका मांजराचेच पोट जेमतेम भरते, तेही पूर्ण नाही. म्हणून प्रत्येकाने आपली हद्द राखावी हेच फायद्याचे. धान्याच्या कोठारांशी उंदीर जमले, त्यांच्यामागे मांजरे आली. पण माणसाने कुत्र्याप्रमाणे वेगवेगळ्या कामांसाठी त्यांची निवड केली नाही, आणि हद्दीचा हिशेब तसाच राहिला. गाल खांबाला घासणे, ओरबाडणे, मूत्राची पिचकारी मारणे ही सारी त्या हद्दीची वासाने केलेली नोंद. जर्मन प्राणिवर्तनतज्ज्ञ पाउल लायहाउझेन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले, की मोकळी फिरणारी मांजरे एकच वाट वापरतात, पण वेळा सांभाळून, समोरासमोर येणे टाळून. अन्न मुबलक असेल तेथे नात्यातल्या माद्या एकत्र राहतात, पिलेही मिळून वाढवतात, हे खरे. मात्र खोलीत अचानक आणून सोडलेले परके मांजर हे नाते नव्हे. तशात दोन ते सात आठवड्यांच्या वयात पिलाला ज्यांचा सहवास मिळतो, त्यांचाच स्वीकार त्याला पुढे सोपा जातो. प्रौढ मांजराच्या बाबतीत हा काळ केव्हाच उलटून गेलेला असतो. त्याला एकटेच ठेवावे, यात त्याच्यावर अन्याय नाही.

ओरडण्याची गोष्ट निराळी. पिले आईला हाक मारतात. पण मोठी झालेली मांजरे एकमेकांशी क्वचितच ‘म्याऊ’ करतात. भांडताना फिसकारतात, गुरगुरतात, तो भाग वेगळा. ‘म्याऊ’ हे मुख्यतः माणसासाठी राखून ठेवलेले बालपण आहे. प्राचीन इजिप्तमध्ये मांजराला ‘मिऊ’ अशा उच्चाराचा शब्द होता. आपली मुले ‘माऊ’ म्हणतात. दोघांनीही तोच आवाज ऐकला!

१९४४ साली मिल्ड्रेड मोल्क यांनी मांजराचे सोळा निरनिराळे आवाज नोंदवले आणि तोंड मिटलेले, उघडून मिटत जाणारे व ताणून उघडे ठेवलेले असे त्यांचे तीन गट पाडले. २००४ साली निकोलस निकास्त्रो यांनी पाळीव मांजर व आफ्रिकी रानमांजर यांचे आवाज माणसांना ऐकवले. पाळीव मांजराचे आवाज आखूड व उंच पट्टीचे होते आणि ऐकणाऱ्यांना तेच अधिक गोड वाटले. २००९ साली कॅरन मॅकॉम्ब यांच्या गटाला असे आढळले, की खायला मागणाऱ्या मांजराच्या घुरघुरण्यात तान्ह्या बाळाच्या रडण्याशी मिळतीजुळती एक उंच पट्टी मिसळलेली असते. पहाटे आपली झोप का मोडते, ते यावरून लक्षात यावे.

तरीही ‘म्याऊ’ला ठरलेला अर्थ नाही. ध्वनिमुद्रित ‘म्याऊ’ कोणत्या प्रसंगीचा, हे ओळखण्यात ऐकणाऱ्यांना अंदाजापेक्षा फारसे यश आले नाही, असे २००३ च्या एका प्रयोगात दिसले. मांजरांचा सराव असलेल्यांना थोडे अधिक जमले. म्हणजे ही भाषा घरोघरी नव्याने तयार होते: कोणत्या आवाजाला दार उघडते आणि कोणत्या आवाजाला बशी भरते, हे मांजर शिकते. मोठे मांजर घरी येते तेव्हा ते आधीच्या घरची बोली बोलत येते. ज्या विद्यार्थ्यांकडे मांजर असेल त्यांना आठवडाभर नोंद ठेवण्यास सांगावे: मांजर कधी ओरडले, समोर कोण होते, आणि त्या माणसाने पुढे काय केले.