दुभाष्यांचे उत्पन्न

एका भाषेतले बोलणे दुसऱ्या भाषेत तोंडी सांगणाऱ्याला त्या कामाबद्दल मिळणारा पगार, मानधन किंवा दलाली. भाषांतरकाराचा हिशेब शब्दांवर होतो, दुभाष्याचा वेळेवर. आणि तो वेळ दिवसाच्या, तासाच्या की मिनिटाच्या मापाने मोजला जातो, यातच कमाईचा बराचसा फरक पडतो.

अठराव्या शतकात मद्रास-पाँडिचेरीकडचे दुभाषे श्रीमंत झाले ते पगारावर नव्हे. पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर द्यूप्ले याचे दुभाषे आनंद रंग पिळ्ळै (१७०९–१७६१) स्वतः बडे व्यापारी होते. सौद्याच्या दोन्ही बाजू ज्याच्या तोंडून बोलतात, त्याला पगाराची फिकीर कशाला?

आज भारतात वेतनश्रेणीच्या जागा मोजक्या. संसदेतील दुभाष्याला सातव्या वेतन आयोगाचा दहावा स्तर मिळतो. त्यात मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. खासगी क्षेत्रात पुणे-चाकण पट्ट्यातले जपानीचे दुभाषे ठळक. यंत्र बसवायला जपानी अभियंते आले की दुभाष्याला दिवसाच्या दराने बोलावतात, आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ किंवा सर्वांत वरची एन-१ पातळी असेल तर दर चढतो. पण महिन्यात असे दिवस किती भरतील याची हमी नसते. चढ्या दराला तीसने गुणून स्वप्ने रंगवणाऱ्या नवशिक्यांनी हे ध्यानात घ्यावे.

परिषदांमधले समकालिक भाषांतर, म्हणजे वक्ता बोलत असतानाच केलेले भाषांतर, हे या व्यवसायातले सर्वांत चांगल्या मोबदल्याचे काम. एका बूथमध्ये किमान दोघे बसतात आणि साधारण अर्ध्या तासाने पाळी बदलतात. आयोजकाला मात्र दोघांचाही पूर्ण दिवस मोजावा लागतो.

अमेरिकेत मे २०२३मध्ये दुभाषे व भाषांतरकार यांचे मध्यक वार्षिक वेतन ५७,०९० डॉलर होते. हा आकडा जपून वापरावा, कारण त्यात स्वयंरोजगारी धरलेले नाहीत आणि दुभाष्यांत तेच पुष्कळ. तिथल्या फेडरल न्यायालयांत दर पूर्ण किंवा अर्ध्या दिवसाचा असतो. सुनावणी लवकर आटोपली तरी अर्ध्या दिवसाचे पैसे पदरात पडतात. मात्र फेडरल प्रमाणपत्राची परीक्षा सध्या फक्त स्पॅनिशची होते. मराठीच्या दुभाष्याने अन्य मार्गाने पात्रता सिद्ध केली नाही, तर त्याला खालचा दर मिळतो.

तळाशी आहे ते दूरध्वनीवरचे काम. रुग्णालय किंवा विमा कंपनीचा फोन येतो, बोलणे होते, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढ्याच मिनिटांचे पैसे मिळतात. फोनची वाट पाहण्यात गेलेला वेळ दुभाष्याच्या खाती.