ओलं सरपण आणि १९९ डॉलर : स्वस्त ग्राफिक्स कार्डाची चौदा वर्षं

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा ग्राफिक्स कार्डाशी संबंध काय? संबंध आहे. काळ पुढे गेला की वस्तू आपोआप सुधारते आणि स्वस्तही होते, असं आपण सगळेच धरून चालतो. हे कशाच्या जोरावर धरतो, हा जुना तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. आणि तो तपासायला स्वस्त ग्राफिक्स कार्डाइतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल, कारण इथे प्रत्येक गोष्टीचा आकडा उपलब्ध आहे.

आधी ही वस्तू करते काय, ते थोडक्यात पाहू. संगणकाचा नेहमीचा पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदूंचा असतो. खेळात चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं, तर दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक बिंदूंचे रंग ठरवावे लागतात. एकेक हिशेब साधा, पण संख्या अफाट. मुख्य प्रोसेसर म्हणजे मोजके हुशार कारकून. ग्राफिक्स कार्ड म्हणजे शेकडो-हजारो साधे कारकून एकाच वेळी कामाला बसवलेले. त्यांच्यासमोरचं टेबल म्हणजे कार्डाची मेमरी. टेबल लहान असेल तर कारकून कितीही असोत, कागद ठेवायला जागा नाही.

आता पैशाचं मोल मोजायचं कसं? सोपी रीत अशी की किंमत एकच धरायची आणि त्या किमतीत दर काही वर्षांनी काय मिळालं ते बघायचं. आपण १९९ डॉलर हा आकडा घेऊ. या किमतीला रेडिऑन या एकाच नावाखाली तीन कार्डं बाजारात आली. तिघांकडे जरा नीट बघा.

पहिलं, जून २००८ मधलं एचडी ४८५०. कॅनडाची एटीआय ही कंपनी २००६ मध्ये अमेरिकेच्या एएमडीने विकत घेतली होती, तिचं हे कार्ड. चिपवर सुमारे ९६ कोटी ट्रान्झिस्टर, मेमरी ५१२ मेगाबाइट आणि वेग सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडींचा. त्या काळी १९९ डॉलरला हा आकडा म्हणजे चमत्कारच होता.

दुसरं, आठ वर्षांनी, जून २०१६ मधलं आरएक्स ४८०. किंमत तीच. ट्रान्झिस्टर ५७० कोटी, मेमरी ४ गिगाबाइट, वेग ५.८ लाख कोटी. म्हणजे मेमरी आठपट, वेग जवळजवळ सहापट, आणि चिपचा आकार उलट थोडा लहानच.

तिसरं, जानेवारी २०२२ मधलं आरएक्स ६५०० एक्सटी. किंमत पुन्हा १९९ डॉलर. ट्रान्झिस्टर ५४० कोटी, मेमरी ४ गिगाबाइट, वेग ५.८ लाख कोटींच्या आतबाहेर.

हे आकडे पुन्हा एकदा मनात वाचा. साडेपाच वर्षं गेली. मेमरी तेवढीच, वेग तेवढाच, ट्रान्झिस्टर तर थोडे कमीच. शिवाय मेमरीकडे जाणारा रस्ता आधी २५६ मार्गिकांचा होता, तो ६४ मार्गिकांचा झाला. चलचित्र नोंदवून साठवण्याची जी यंत्रणा आधीच्या कार्डात होती, ती यात नव्हतीच. आणि मदरबोर्डाशी जोडणारा मार्ग अरुंद केल्यामुळे जुन्या मदरबोर्डावर हे कार्ड आणखी मंदावत असे. आता बघा, १९९ डॉलरचं कार्ड घेणारा माणूस कोण? ज्याचा मदरबोर्ड जुना आहे, तोच ना? म्हणजे ज्याच्यासाठी वस्तू काढली, त्यालाच तिचा अधिक जाच.

इथे दुसरी बाजू मांडणं आपलं कर्तव्य आहे. पहिला आक्षेप महागाईचा. २०१६ ते २०२२ च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतली सर्वसाधारण भाववाढ सोळा-सतरा टक्के झाली, त्यामुळे २०२२ चे १९९ डॉलर तितकेच हलके होते. मान्य. पण २००८ ते २०१६ या काळातही भाव वाढलेच होते, तरी कार्ड सहापट झालं होतं. दुसरा आक्षेप विजेचा. नवं कार्ड तेवढंच काम सुमारे १०७ वॅटमध्ये करतं, जुन्याला १५० लागत. हाही खरा लाभ आहे. तिसरा आक्षेप असा की २०२२ ची सुरुवात हा विपरीत काळ होता. महामारीमुळे चिपांचा तुटवडा होता आणि इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामासाठी कार्डं घाऊक उचलली जात होती. तेही खरं.

पण मग तो विपरीत काळ सरल्यावर काय झालं? १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डांवरचं खाणकाम बंद केलं. त्यानंतर आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेत डेस्कटॉपसाठी २९९ डॉलरच्या खाली एकही कार्ड नव्हतं. २०१६ मध्ये आरएक्स ४८० चं ८ गिगाबाइट मेमरीचं रूप २३९ डॉलरला मिळत होतं. २०२५ मध्ये २९९ डॉलरला आलेल्या आरटीएक्स ५०६० लाही ८ गिगाबाइटच. नवं कार्ड वेगाने कितीतरी पुढे आहे, यात वाद नाही. पण टेबल नऊ वर्षांत बोटभरही वाढलं नाही. आणि जिन्याची पहिली पायरीच वर सरकली.

आपल्याकडच्या माणसाला यात आणखी एक भर सोसावी लागली. जून २००८ मध्ये डॉलर ४३ रुपयांच्या आसपास होता, जून २०१६ मध्ये ६७ च्या, जानेवारी २०२२ मध्ये ७४-७५ च्या. कर आणि दुकानदाराचा नफा सोडून नुसता हिशेब केला तरी तेच १९९ डॉलर साडेआठ हजारांवरून तेरा हजारांवर आणि मग जवळजवळ पंधरा हजारांवर गेले. पहिल्या उडीत रुपये वाढले, पण वस्तू सहापट झाली होती. दुसऱ्या उडीत रुपये वाढले आणि वस्तू जागच्या जागी राहिली. लॅमिंग्टन रोडवर दुकानासमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला हे अर्थशास्त्र कुणी समजावून सांगायची गरज नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या न्यायशास्त्रात एक सुंदर विवेचन आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तही ते येतं. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान पक्कं. पण उलट, जिथे अग्नी तिथे धूर, हे म्हणता येत नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग स्वयंपाकघरात आपल्याला दोन्ही नेहमी एकत्र का दिसतात? कारण सरपण ओलं असतं. हे ओलं सरपण म्हणजे ‘उपाधी’, म्हणजे नियमामागची न सांगितलेली अट. अट आहे तोवर नियम खरा वाटतो. सरपण वाळलं की अग्नी असतो, धूर नसतो.

‘जिथे काळाची प्रगती, तिथे स्वस्ताई’ हा आपला समज असाच आहे. त्यात ओलं सरपण कोणतं होतं? आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट चिप बनवण्याच्या खर्चाची. गॉर्डन मूर यांचा १९६५ चा प्रसिद्ध लेख लोक वेगाबद्दलचा समजतात. तो मुळात खर्चाबद्दल होता. एका चिपवर किती घटक बसवले की प्रत्येक घटक सर्वांत स्वस्त पडतो, आणि ती संख्या दरवर्षी कशी वाढते, हे त्यांनी मांडलं. पुढे बारीक रेघा छापणं इतकं अवघड झालं की त्यासाठी लागणारी अतिनील किरणांची सर्वांत प्रगत यंत्रं आज नेदरलँड्सची एकच कंपनी, एएसएमएल, बनवते. आपली तीन कार्डंच पाहा. २०१६ ची चिप २३२ चौरस मिलिमीटरची, २०२२ ची १०७ ची. ट्रान्झिस्टर जवळजवळ सारखे, जागा निम्म्याहून कमी, आणि कार्डाची किंमत तीच. वस्तू बारीक झाली, स्वस्त झाली नाही. ‘बारीक म्हणजे स्वस्त’ हे समीकरण इथे तुटलेलं दिसतं.

दुसरी गोष्ट स्पर्धेची. २००८ मध्ये एचडी ४८५० आणि तिचं थोरलं भावंड ४८७० बाजारात आली, आणि काही आठवड्यांतच एनव्हिडियाला आपल्या जीटीएक्स २८० ची किंमत ६४९ वरून ४९९ डॉलर आणि जीटीएक्स २६० ची ३९९ वरून २९९ डॉलर करावी लागली. किंमत उतरवणारा हात काळाचा नव्हता, प्रतिस्पर्ध्याचा होता. उलट पुरावाही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेल या तिसऱ्या खेळाडूने बी५८० हे कार्ड २४९ डॉलरला आणलं, आणि मेमरी दिली १२ गिगाबाइट. बाजारात जागा करून घ्यायची गरज असलेल्याने टेबल मोठं केलं. सरपण जरा ओलं झालं, लगेच धूर दिसला.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाची, आणि आमच्या मते हीच सर्वांत खोल आहे. जानेवारी २०१६ ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची विक्री सुमारे ५०० कोटी डॉलर होती आणि त्यातली निम्म्याहून अधिक खेळांच्या कार्डांतून आली होती. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात विक्री १३,०५० कोटी डॉलर झाली. त्यात खेळांचा वाटा १,१३५ कोटी, म्हणजे शंभरात नऊच्या आसपास. बाकीचा डोंगर मुख्यतः डेटा सेंटरचा, कृत्रिम बुद्धिमत्तेचा. खेळणारा गिऱ्हाईक गरीब झाला नाही. त्याने चौपट पैसे दिले. पण ज्या दुकानात तो यजमान होता, तिथे आता तो पंगतीच्या शेवटी बसलेला पाहुणा आहे. आणि शेवटच्या पाहुण्यापर्यंत वाढपी पोचेतो भांड्यात काय उरतं, ते आपण जाणतोच.

इथे काय पणाला लागलं आहे, ते सांगून थांबतो. २०१२ मध्ये कॅनडाच्या टोरांटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांच्या ॲलेक्सनेट या प्रणालीने चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत बाकीच्यांना फार मागे टाकलं. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट तिथून उसळली. ती प्रणाली शिकवली गेली जीटीएक्स ५८० या दोन कार्डांवर, प्रत्येकी ३ गिगाबाइट मेमरीच्या. म्हणजे खेळण्यासाठी दुकानात विकल्या जाणाऱ्या कार्डांवर. सर्वांत स्वस्त नव्हेत, पण कुणालाही दुकानात जाऊन घेता येतील अशी. आज त्याच लाटेची भूक कारखान्यांची क्षमता खाते आणि दुकानातलं कार्ड महाग करते. ज्या दारातून हे ज्ञान आत आलं, त्या दाराचा उंबरठाच आता उंच झाला आहे.

ज्याला घरी बसून ॲनिमेशन शिकायचं आहे, छोटी प्रणाली स्वतः शिकवून पाहायची आहे, त्याला आपण सहज सांगतो, ‘थांब रे, दोन वर्षांत स्वस्त होईल.’ हा सल्ला आमच्या पिढीने दिला, कारण आमच्या डोळ्यांसमोर कॅल्क्युलेटरपासून संगणकापर्यंत सगळं स्वस्त होत गेलं. पण तो निसर्गनियम नव्हता. तीन अटी होत्या आणि तिन्ही माणसांच्या हातातल्या होत्या: कारखाने किती आणि कुठे, स्पर्धक किती, आणि कुणाला गिऱ्हाईक मानायचं. अग्नी अजून आहे, तो विझलेला नाही. धूर का दिसेना, हे विचारायचं असेल तर घड्याळाकडे बघून उपयोग नाही. चुलीतलं सरपण बघायला हवं. पुढच्या वेळी कुणी ‘काळ बदलला की होईल आपोआप’ असं म्हणालं, तर एवढंच विचारा: कोणत्या अटीवर?

प्रश्न असतील तर अवश्य विचारा.