कॉकेशस

काळा समुद्र व कॅस्पियन समुद्र यांमधील पर्वतमय मुलूख. वायव्य-आग्नेय दिशेने सु. १,२०० किमी. पसरलेली बृहत् कॉकेशसची रांग, तिच्या दक्षिणेस लघु कॉकेशस आणि या दोहोंना सांधणारी लीखी डोंगरओळ, अशी याची ठेवण असून एल्ब्रुस (५,६४२ मी.) हे सर्वोच्च शिखर होय. लीखीच्या पश्चिमेस बाटूमीला वर्षाकाठी सु. २५० सेंमी. पाऊस कोसळतो, पूर्वेस बाकूला जेमतेम २० ते २५ सेंमी.; सह्याद्री कोकण व देश यांत करतो तशीच ही वाटणी आहे.

या मुलुखाची खरी ख्याती भाषांविषयी. किनाऱ्यावरील डायस्क्यूरियस येथे रोमनांना १३० दुभाष्यांकरवी व्यवहार करावा लागे, असे प्लिनीने नमूद केले आहे. आकडा फुगवलेला असेल, तरी अरब लेखकांनीही यास ‘भाषांचा पर्वत’ म्हटले ते उगाच नव्हे. कार्तवेली, वायव्य व ईशान्य कॉकेशियन ही तीन कुले मूळची येथलीच असून त्यांचे परस्परांशी नाते सिद्ध झालेले नाही. त्यांच्या शेजारी इंडो-यूरोपीय कुलातील अर्मेनियन व ओसेटिक आणि तुर्की गटातील आझरबैजानी, कुमिक इ. भाषा नांदतात. ‘रामाने पत्र लिहिले’ यात कर्त्यास जसा ‘ने’ लागतो, तसा जॉर्जियनमध्ये भूतकाळी ‘मा’ लागतो (‘कात्सी’ म्हणजे पुरुष, ‘कात्समा’ म्हणजे पुरुषाने), हे साम्य केवळ योगायोगाचे असले तरी मराठी वाचकास मौजेचे वाटेल. दागेस्तानातील आर्ची भाषेचा विस्तार एक गाव व त्याच्या वाड्या एवढाच आहे. दुर्गमतेमुळे हे घडले असे सांगण्याचा प्रघात आहे. परंतु हे डोंगरी लोक हिवाळ्यात मेंढरे घेऊन सखल भागात उतरत व शेजाऱ्यांच्या एकदोन भाषा सहज बोलत, हे ध्यानी घेता गावातल्या गावात सोयरीक करण्याची रीत हेच कारण अधिक सयुक्तिक दिसते. अवघे दोन स्वर व ऐंशीच्या घरात व्यंजने असलेली उबिख मात्र लोपली : १८६४ मध्ये रशियाचा अंमल बसताच तिचे भाषक उस्मानी मुलखात गेले आणि तिचा अखेरचा जाणकार वक्ता तेवफिक एसेंच १९९२ मध्ये निवर्तला.

खनिज तेल (बाकू), मँगॅनीज (चियातुरा) व द्राक्षमद्य (काखेती) ही प्रमुख उत्पादने. लोकसंख्या : जॉर्जिया ३७,१३,८०४ (२०१४), दागेस्तान २९,१०,२४९ (२०१०).

बाकूनजीक सुराखानी येथे हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी राबता ठेवलेले ज्वालामंदिर असून त्याच्या शिलालेखांत देवनागरी लिपीतील गणेशवंदन आढळते. भूगर्भातील वायू उपसला गेल्याने तेथील नैसर्गिक ज्वाला १९६९ मध्ये विझली. हल्ली ती नळाने आणलेल्या वायूवर तेवते.