छावणी, औरंगाबाद व जालना

छावणी, औरंगाबाद व जालना : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि जालना येथील लष्करी वसाहती. दोहोंना जोडणाऱ्या सडकेवर करमाड हे गाव आहे.

मोगलकाळ : औरंगाबादेत मोगल सरदार आपापल्या पथकांनिशी जेथे उतरले तेथे त्यांच्या नावाचे पुरे वसले. बिकानेरच्या करणसिंहावरून कर्णपुरा, पदमसिंहावरून पदमपुरा. पुढे कर्णपुऱ्यालगतच छावणी आली.

१८०३ : इंग्रज सेनानी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची गाठ २१ सप्टेंबरला करमाडच्या पूर्वेस बदनापूर येथे पडली. दोनच दिवसांनी असईची लढाई झाली.

कंटिंजंट : हैदराबाद कंटिंजंट ही निजामाच्या पैशावर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतली फौज. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद (अंबाजोगाई), हिंगोली, एलिचपूर, बोलारम ही तिची ठाणी.

निवास : छावणी म्हटली की अधिकाऱ्यांच्या बंगल्यांचेच वर्णन होते, स्वाराचे घर मात्र दुर्लक्षित राहते. वास्तविक छावणीचे खरे रूप तेथेच दिसते. कंटिंजंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा स्वाराचा, त्याची दाणा-वैरणही स्वाराच्याच पगारातून. राहण्यासाठी मातीच्या भिंतींच्या झोपड्यांच्या ओळी असत, त्यांना ‘लाइन’ म्हणत. जवळच मेखांना अगाडी-पिछाडीने बांधलेले घोडे. वाणी, लोहार, घासवाले यांचा सदर बाजार छावणीला जोडूनच असे; जालन्यात हे नाव आजही टिकून आहे.

१८५७ : मोमिनाबादहून औरंगाबादेत आलेल्या कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळात जूनमध्ये असंतोष उफाळला. आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून नेणार, ही धास्ती त्यामागे होती; आपली चाकरी दख्खनपुरतीच, असे स्वारांचे म्हणणे होते. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली. घोडदळाचा अधिकारी कॅप्टन ॲबट याच्यावर गोळी झाडणाऱ्या मीर फिदा अलीला फाशी झाली. लाइनीजवळच घोडे असल्याने अनेक स्वार निसटले. शिक्षा झालेल्यांची संख्या निरनिराळी सांगितली जाते. क्रांती चौकातील काळा चबुतरा या हुतात्म्यांचे स्मारक मानला जातो. चाकरीच्या कराराचा हा मुद्दा प्रस्तुत नोंदकर्त्यास १८५७ च्या उठावाचे कारण म्हणून होणाऱ्या काडतुसांच्या चर्चेहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

उत्तरकाळ : १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली आणि जालन्याची छावणी उठली. हैदराबाद संस्थानावरील सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत औरंगाबाद शरण आले. जालन्याच्या बाजूला मात्र भारतीय सैन्याला प्रतिकार झाला.

करमाड : दोन्ही छावण्यांच्या वाटेवरील हे गाव मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील स्थानकही आहे.

सद्यःस्थिती : औरंगाबाद छावणीचा नागरी कारभार २००६ च्या कायद्याखालील कटक मंडळाकडे आहे. छावणीचा गुरुवारचा बाजार आणि लगतची कर्णपुऱ्याच्या देवीची नवरात्रातील यात्रा प्रसिद्ध आहेत.