कुंपणानं शेत खाल्लं तेव्हा

ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीतले नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत आले आणि थोड्याच दिवसांत जवाहरलाल नेहरूंनी तिथल्या अंगणात फुलांचे वाफे करायला घेतले. भर उन्हातही ते तासन्‌तास खणत असत. जमीन अगदीच वाईट होती. कुदळ मारावी तिथं दगड, नाही तर जुन्या बांधकामांचा राडारोडा. ही हकिकत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’मध्ये लिहून ठेवली आहे. तो ग्रंथही 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये याच किल्ल्यात लिहिला गेला. मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधल्या पत्रांतही या बागेची हकिकत आहे.

नगरमध्ये बाग करायची तर आधी जमिनीशी झुंजावं लागतं. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोल्यातल्या घाटघर-रतनवाडीकडे पाऊस नुसता कोसळतो, पण पारनेर, कर्जत, जामखेड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. तिथं वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी बरं वर्ष म्हणायचं. त्यात मुरमाड माळ आणि उन्हाळ्यातला सोसाट्याचा वारा. निजामशाहीनं यावर पैशाचा आणि पाण्याचा उपाय केला. आसपासच्या गावांतून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं, आणि 1583 च्या सुमारास पुरा झालेला फराहबागेचा महाल चक्क तलावाच्या मधोमध उभा केला. सुलतानाला आडोसा मिळाला तो पाण्याचा. शेतकऱ्याला मात्र तो झाडांतूनच उभा करावा लागला.

जिरायत रानाला सहसा कुंपण नसे. सुगी झाली की रान मोकळं, कोणाचीही गुरं हिंडायची. धनगराची मेंढरं तर खतासाठी बोलावून बसवली जात. कुंपण लागायचं ते विहिरीच्या पाण्यावरच्या मळ्याला, आणि तेही नेमकं उन्हाळ्यात, जेव्हा चहूकडचं रान वाळलेलं आणि हिरवं काय ते मळ्यातच. म्हणजे कुंपणाचं झाड असं हवं, की पाणी न मागता चैत्र-वैशाखात तग धरेल आणि शेळी त्याला तोंड लावणार नाही. या दोन अटींत बसणारी झाडं मोजकीच.

सोपा मार्ग म्हणजे बोरी-बाभळीच्या फांद्या तोडून वाळका कूप घालायचा. पण त्याला वाळवी लागते आणि दरसाल नव्यानं काट्या ओढाव्या लागतात. म्हणून जिवंत कुंपण. शेराची कांडी नुसती खोचली तरी जगते. तिला काटा नाही, पण मोडली की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यांत गेला तर आग आग होते. जनावर एकदा हुंगून बाजूला होतं. घायपाताच्या पानाचं टोक सुईसारखं आणि त्याच्या वाखाचे दोर वळता येतात, म्हणजे बांध राखला आणि मोटेच्या नाड्याचीही थोडी सोय झाली. सागरगोट्याची वेल तर कुंपणावर अशी गुंतते की आत हात घालायची सोय राहत नाही. तिच्या शेंगेलाही काटे असतात. ती फोडली की आत करड्या रंगाच्या गुळगुळीत, खड्यासारख्या टणक बिया निघतात. पोरी ओसरीवर खेळायच्या ते सागरगोटे हेच.

हीच पारख ब्रिटिश सरकारलाही करावी लागली, फार वाईट कामासाठी. मिठावरचा कर चुकवून मीठ नेता येऊ नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत 2,300 मैलांची जकात-रेषा आखली होती. तिच्यावर सुमारे 12,000 माणसं पहाऱ्याला असत. ही रेषा खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपूरवरून जात होती. तिच्या बऱ्याच भागावर काटेरी कुंपण होतं. 1867 ते 1870 या काळात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ही रेषा सांभाळणाऱ्या जकात खात्याचे प्रमुख होते. पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच. वाळक्या काट्यांवरचा खर्च परवडेना, तेव्हा त्यांनी जागोजागची माती आणि पाऊस पाहून तिथं जगेल तेच झाड लावायचा प्रयोग केला: कुठं बोर, कुठं बाभूळ, कुठं करवंद, आणि अगदी कोरड्या भागात निवडुंग. 1879 मध्ये ही जकात-रेषा उठली. मिठासाठी गरिबांना पिळणारं ते काम कितीही निंद्य असलं, तरी झाडं निवडण्याची पद्धत मात्र बरोबर होती.

निवडुंगाच्या बाबतीत दख्खनला ती साधली नाही.

फड्या निवडुंग अमेरिकेतला. कुंपणाला त्याच्याइतकं सोपं झाड नाही: एक फड टाकला की तोच मूळ धरतो. पण हेच सोपेपण अंगाशी आलं. लाल बोंडं पाखरं खातात आणि बी लांब टाकतात. पोरंही बोंडं दगडावर घासून, बारीक कुसं काढून खात आणि जिभा लाल करून घेत. बघता बघता निवडुंग बांधावरून माळावर, गायरानात, गावठाणाच्या कडेला पसरला. गावाभोवती त्याची रानं माजली आणि त्यांत साप-विंचू राहू लागले. तोडून टाकावा तर प्रत्येक तुकडा नव्यानं रुजे, म्हणून जाळावा किंवा खोल पुरावा लागे. कुंपणच शेत खातं ही म्हण इथं शब्दशः खरी झाली. दुष्काळात काटे भाजून फड जनावरांना घालत, एवढाच काय तो त्याचा आधार.

सुटका केली एका किड्यानं. लाल रंग देणाऱ्या कोचिनील जातीचे किडे 1795 मध्ये ब्राझीलमधून बंगालमध्ये आणले होते. रंग काही धड मिळाला नाही, पण त्यांनी निवडुंगाची एक जात फस्त केली. दक्षिणेतल्या जातींना ते पुरेसे पडले नाहीत. त्यासाठी त्यांच्याच कुळातला दुसरा किडा 1926 मध्ये श्रीलंकेतून भारतात आला आणि काही वर्षांतच निवडुंगाची रानंच्या रानं वाळून गेली. पुढं तीच चूक वेड्या बाभळीबाबत झाली. 1870 च्या दशकात ती अमेरिका खंडाकडून देशात आली. सरपण आणि कुंपण म्हणून तिचं कौतुक झालं. आज नगरच्या ओढ्यांत आणि गायरानांत ती किती माजली आहे हे कोणालाही दिसेल.

घराजवळची निवड बायकांच्या हाती असे आणि ती जास्त शहाणी होती. परसातल्या न्हाणीला तुऱ्हाट्यांचा कूड, आणि तिच्या सांडपाण्यावर कर्दळ, अळू, केळ. सतत ओल राहणाऱ्या जागेत तगणारी ही झाडं मोठ्या पानांनी आडोसाही करतात. कोरड्या बाजूला अडुळसा किंवा मेंदी. अडुळशाला शेळी तोंड लावत नाही आणि खोकल्याला पानं घरचीच मिळतात.

आता बंगल्यांच्या भिंतींआड नर्सरीतून आणलेला ड्युरांटा आणि उभा अशोक लावतात, मग त्यांना टँकरच्या पाण्यावर जगवतात. ज्यांना घराभोवती हिरवा आडोसा हवा आहे त्यांनी रोप विकत घेण्याआधी एप्रिलच्या दुपारी आपल्याच भागातली जुनी कुंपणं बघून यावीत. मुरमावर करवंद किंवा मेंदी, खारवट पाण्यावर कोयनेल, वाऱ्याच्या तोंडाला शेवरी किंवा सुरू लावावा, आणि तोही मृगाचा पाऊस पडून जमीन भिजल्यावर. फड्या निवडुंग आणि वेडी बाभूळ मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.