भंडारदऱ्याचा हलता किनारा

अकोले तालुक्यात समुद्र नाही. तरी आज मी किनाऱ्यावर बोलणार आहे. किनारा म्हणजे आर्थर जलाशयाचा, शेंडीपासून रतनवाडीपर्यंतचा.

आधी थोडा इतिहास. रतनगडाच्या कुशीत उगम पावणाऱ्या प्रवरेवर भंडारदऱ्याला धरण बांधायचं काम १९१० साली सुरू झालं. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून ते विल्सन धरण. साठा सुमारे ११ टीएमसी. हे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या भागात गेलं आणि तिथे ऊस उभा राहिला. पुढे १९८६ साली या डोंगरांत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. म्हणजे धरण आधी, अभयारण्य साठ वर्षांनी. हा क्रम लक्षात ठेवा.

आता मुद्द्याचं. समुद्राचा किनारा भरती-ओहोटीने हलतो, म्हणजे चंद्र हलवतो. भंडारदऱ्याचा किनारा कोण हलवतं? पाटबंधारे खात्याचं आवर्तन! ऑगस्टमध्ये पाणी झाडीला टेकतं, मे महिन्यात तेच कितीतरी खाली उतरतं. मधे उघडी पडते ती पाण्याखालून वर आलेली गाळाची जमीन. ती कुणाची? धरणाची, जंगलाची, की ज्यांच्या वाडवडिलांची शेतं तळाशी गेली त्यांची?

समुद्रकिनाऱ्यासाठी आपण १९९१ साली नियम केला. भरतीची रेषा ठरवली आणि तिथून ५०० मीटरपर्यंत बांधकामाला निर्बंध घातले. रेषा हलती असते, हे त्या नियमानं निदान मान्य केलं. जलाशयाकडे मात्र आपण अजूनही नकाशावरच्या एका ठाम रेषेसारखं बघतो. तत्त्वज्ञानात आम्ही याला वर्गीकरणाची चूक म्हणू. जी गोष्ट घडत राहते, तिला आपण वस्तू समजतो.

याची किंमत काजवे मोजतात. मे अखेर ते जून, पावसाच्या तोंडावर, हिरडा-बेहड्यावर ते चमकतात. त्यांच्या अळ्या ओलसर मातीत वाढतात. नेमकं याच वेळी पाणी सर्वांत खाली, उघड्या काठावर तंबू, गाड्या, दिवे. पण तंबूवाल्याला दोष देऊन मोकळं होऊ नका. त्यातले बरेच इथल्याच महादेव कोळी घरांतले आहेत. पाणी खाली गेलं, ऊस खाली पिकला. वरच्या गावाला पोट भरायला उरला तो हा काठ.

माझं म्हणणं एवढंच. हा हलता पट्टा वेगळा धरावा. काजव्यांच्या दिवसांत कुठे दिवा लावायचा, कुठे गाडी थांबवायची, हे ग्रामसभेनं वनखात्यासोबत ठरवावं. हा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, तेव्हा ग्रामसभेचा शब्द कायद्यानंही वजनदार आहे. आणि आवर्तनाचं वेळापत्रक ठरताना वरच्या गावालाही बैठकीत खुर्ची मिळावी.

किनारा आपण हलवतो, मग त्याची जबाबदारीही आपलीच. २०२६ साली धरणाला शंभर वर्षं होतात. तेवढं कबूल करायला हे निमित्त पुरेसं आहे.