पाढ्यांची चाल

औट म्हणजे किती? आजच्या मुलांना विचारून बघा, बहुतेक 'आउट' झाला का म्हणतील! औट म्हणजे साडेतीन. संस्कृतातल्या 'अर्धचतुर्थ'चं प्राकृतात 'अद्धुट्ठ' झालं आणि तेच घासत घासत मराठीत औट होऊन आलं. संतांचा 'औट हात' देह तो हाच.

पूर्वी तिसापर्यंतचे पाढे पाठ झाले तरी सुटका नसे. पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. हा उगाच छळ नव्हता बरं का. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, शेराचे ४ पावशेर, मणाचे ४० शेर... सगळा व्यवहार पाव-अर्ध्याचा. साडेतीन आणे शेर भावाने सात शेर तांदूळ घेतले, तर औटकीत साताला साडेचोवीस. म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. दुकानदाराने कागद काढायच्या आत गिऱ्हाईक मोकळं.

हे डोक्यात राहायचं ते चालीमुळे. गंमत बघा, 'त्रिक', 'चोक', 'पंचे', 'सक' हे शब्द आपण रोजच्या मोजणीत वापरत नाही. ते खास पाढ्यांचे, आखूड आणि ठेक्यात बसणारे. दोनाच्या पाढ्यात तर आपण 'दोन' म्हणतच नाही, 'बे' म्हणतो. पंतोजींच्या शाळेत एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी डुलत डुलत मागून ओढायचं. धुळपाटीवर लिहिलेलं पुसलं जायचं, म्हणून वही म्हणजे तोंडच. संध्याकाळी घरी दिवा लागला की परवचा असायचाच.

या चालीचा एक फायदा मात्र कोणी ठरवून केला नसावा. पाटी दाराआड ठेवता येते, आवाज ठेवता येत नाही. माझी आजी शाळेत जेमतेम दोन वर्षं गेली. तिचे भाऊ ओटीवर परवचा म्हणायचे तेव्हा ती माजघरात वाती वळत बसलेली असे. तिला कोणी शिकवलं नाही, कोणी म्हणूनही घेतलं नाही. पण दिडकी-अडीचकी भावांच्या आधी तिला पाठ झाली. पुढे आजोबा गेल्यावर कुळांचा हिशोब तिनेच ठेवला, आणि तिला फसवायची कोणाची छाती झाली नाही.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो आले. आजीने तक्रार केली नाही. आणा म्हणजे सवासहा नवे पैसे, एवढं धरून ती सवायकीच्या वळणाने हिशोब करत राहिली. पण नव्या मुलांना औटकीचं काम उरलं नाही. हिशोब सोपा झाला हे चांगलंच झालं, त्याबद्दल हळहळ नाही.

हल्ली टाळ्या वाजवत, उड्या मारत, गाण्यावर पाढे शिकवतात. काही जण नाकं मुरडतात. मला तर ते आपलं जुनंच वाटतं. डुलण्याच्या जागी उड्या आल्या, एवढंच. फक्त एक अडचण तेव्हाही होती, आजही आहे. चालीवर शिकलेल्या मुलाला सात आठे विचारलं की ते सात एकेपासून जिना चढू लागतं. त्यावर जुना उपाय म्हणजे मधूनच विचारणं, उलटं म्हणून घेणं. आमच्या घरी आम्ही फरशीवर खेळतो: सात पंचे पस्तीसला उभं करायचं, मग एकेक उडी सातांची. तीन उड्यांत छप्पन्न. आपण प्रत्येक पायरीला सात मिळवतोय हे पायांना कळतं, मग डोक्यालाही. आणि शेजारच्या खोलीतली धाकटी, जिला अजून कोणी शिकवलेलं नाही, तीही बे त्रिक सहा म्हणू लागली आहे.

असो. आजीची औटकी आम्हा भावंडांपैकी कोणालाच दहापर्यंत सलग येत नाही. आकडे काय, कोणीही गुणून काढेल. चाल कुठून काढायची? मोठ्या आत्याला ती येते, हे मला पक्कं ठाऊक आहे. आत्या, हे वाचत असशील तर एकदा फोनवर म्हणून दाखव. मी लिहून नाही घेणार, नुसती ऐकणार आहे.